शून्याचं उत्तर

दोनाचा तिसरा घात सहा, असं मी सातवीत तीन आठवडे ठासून लिहीत होते. बाईंनी वहीवर लाल फुली मारली की मला बाईंचाच राग यायचा. दोन आहेत, डोक्यावर तीन बसलेत, बे त्रिक सहा. यात कुणाच्या बापाचं काय चुकलं? घरी बाबांना विचारलं, तर त्यांनी पेपरातून डोकं न काढता सांगितलं की पुस्तकात बघ. ते ठाण्याला ऑफिसात जायचे, संध्याकाळी सात-साडेसातला दमून यायचे, आणि गणित हा त्यांच्याही घशात अडकलेला विषय होता हे मला खूप नंतर कळलं.

मला घातांक शिकवले ते माझ्या बाकावरच्या मैत्रिणीने. पहिलीपासून आम्ही दोघी एका बाकावर. डोंबिवलीत आमच्या इमारतींच्या मागे आगरी लोकांचं जुनं गाव आहे, खरं तर आमच्याच इमारती त्यांच्या शेतांवर उभ्या आहेत, तिथली ती. घरी ती तिच्या बोलीत बोलायची, शाळेत आमच्यासारखं, पण ‘गो’ आणि ‘नाय’ हे दोन शब्द तिने कधी सोडले नाहीत. बाई टोकायच्या, ही हसायची, आणि पुढच्या वाक्यात परत ‘नाय’.

मधल्या सुट्टीत तिने डबा उघडला. तांदळाची भाकरी होती. तिने भाकरी माझ्यासमोर धरली आणि मधोमध तोडली.

“किती?”

“दोन.”

दोन्ही तुकडे एकावर एक ठेवून परत तोडले. “आता?”

“चार.”

परत तोडले. आठ. मग माझ्याकडे असं बघितलं, की आता तरी पेटू दे गो दिवा. “तीनदा तोडली. सहा झाले का?”

नव्हते झाले. आठ तुकडे डब्याच्या झाकणात पडलेले. “तो वरचा तीन गुणायला नाय बसलेला,” ती बोलली, “तो नुसता सांगतोय की दोनाने किती वेळा यायचं. तुला काय कळलं नाय ना, तर उघडून लिही. दोन गुणिले दोन गुणिले दोन. लाज नाय वाटून घ्यायची.”

उघडून लिही. हा तिचा एकच मंत्र. सूत्र विसरलं, उघडून लिही. बेरीज करायची की गुणाकार कळेना, उघडून लिही. मी पानंच्या पानं दोन गुणिले दोन लिहून भरली, आणि हळूहळू मला ते यायला लागलं. घातांकांची बेरीज का होते, वजाबाकी कधी होते, सगळं. पण सगळं तिच्याकडून. मी काही सोडवलं की आधी तिच्या तोंडाकडे बघायची, ती मान हलवेल तेव्हाच माझं उत्तर बरोबर. तिला त्याचं काही नव्हतं. मला मात्र आत कुठेतरी खुपायचं, आणि हे मी तेव्हा कुणालाच सांगितलं नसतं, मेले तरी.

त्या वर्षी शाळेत टूम निघाली. आठवीपासून एक तुकडी सेमी-इंग्लिश करायची. म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीत, बाकी सगळं मराठीत. आमच्या आईबापांना पूर्ण इंग्रजी शाळा झेपत नव्हती आणि नुसत्या मराठीने आता भागणार नाही अशी भीती होती, तेव्हा हा मधला रस्ता सगळ्यांनाच आवडला. पण तुकडी एकच, मुलं चाळीस. त्यासाठी सातवीच्या शेवटी गणिताची निवड परीक्षा.

बाबा पहिल्यांदा माझ्या अभ्यासाकडे वळले ते तेव्हा. “सेमी मिळालंच पाहिजे,” एवढंच बोलायचे, रोज. आईने देवाला नवस बोलला. मैत्रिणीच्या घरी असलं काही नव्हतं. तिच्या वडिलांचं म्हणणं, पोरगी शाळेत जातेय ना, बास. तिला स्वतःला इंग्रजीचं वेड नव्हतं. तिने मला सरळ सांगितलेलं, “तू बसतेस ना परीक्षेला, म्हणून मी बसतेय. दोघींचं आलं की परत एकाच बाकावर. एकीचं आलं तर काय उपयोग?” ती पहिल्या दहात असायची. माझा नंबर तिसाच्या आणि चाळिसाच्या मधे कुठेतरी लोंबकळायचा. त्यामुळे धास्ती होती ती माझी होती, तिची नव्हे.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात तिच्या मोठ्या भावाचं लग्न होतं. आगऱ्यांकडे लग्नापेक्षा हळद मोठी. मांडव पडला की घर चार दिवस गावाचं होतं. ती पत्रिका घेऊन आमच्याकडे आली, हळदीला यायचंच असं आईला दोनदा बजावून गेली. आईने तिच्यासमोर “हो हो, बघू ना” म्हटलं, आणि ती जिना उतरल्यावर मला म्हणाली, “तिकडे काही जायचं नाही. मोठमोठ्याने गाणी, मटणाचे टोप, पुरुष मंडळी कशा अवस्थेत असतील. आपल्यात चालत नाही.” मी भांडले नाही. खरं सांगायचं तर मलाही जरा तसंच वाटलं, आणि ते वाटलं याची लाज आजही जात नाही. हळदीच्या संध्याकाळी बाल्कनीत उभी राहून मी त्यांच्या गावातला बेंजो ऐकत होते. दुसऱ्या दिवशी कुणाबरोबर तरी निरोप धाडला, ताप आलेला.

तर ती चार दिवस शाळेत नव्हती, आणि नेमक्या त्याच चार दिवसांत बाईंनी निवड परीक्षेसाठी पुस्तकाबाहेरचं शिकवायला घेतलं. फळ्यावर त्यांनी दोनाचा तिसरा घात आठ लिहिला. त्याखाली दुसरा घात, चार. त्याखाली पहिला, दोन. “दर वेळी खाली येताना काय होतंय?” निम्मं होतंय. “मग शून्य घात?” वर्गात सगळे ओरडले, शून्य. मी ओरडले नाही. मी फळ्याकडे बघत होते. आठाचे चार, चाराचे दोन, दोनाचं निम्मं एक. मी हात वर केला, सात वर्षांत पहिल्यांदा असेल, आणि म्हणाले, एक. बाईंनी मला उभं केलं आणि वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या.

तो आनंद कसा सांगू? ती बाजूला नव्हती. मी कुणाच्या तोंडाकडे बघितलं नव्हतं. ते उत्तर माझं एकटीचं होतं. घरी जाताना मी रस्त्यावरच्या प्रत्येक दुकानाच्या पाटीवरचा आकडा शून्य घाताला नेऊन एक करत चालले होते. शंभराचा शून्य घात एक, एक्केचाळिसाचा एक, सगळ्यांचा एक.

परीक्षेच्या सकाळी ती आली. हातांवर मेंदी, नखांच्या कडेला हळद अजून पिवळी, डोळे झोपेने जड, कारण आदल्याच दिवशी घरात सत्यनारायण झालेला. आल्या आल्या तिने माझ्या कपाळाला हात लावला. “ताप गेला ना गो तुझा?” मी हो म्हटलं. माझ्यासाठी तिने कागदात लाडू बांधून आणलेले. दप्तरं बाहेरच्या व्हरांड्यात ठेवायची होती, ती आधीच ठेवून झालेली, वह्या आता काढता येणार नव्हत्या. आम्ही वर्गाच्या दारात रांगेत उभ्या होतो.

“बाईंनी काय नवीन शिकवलं काय?”

“नाही फारसं. ऋण घात सांगितला, पण तो येणार नाही म्हणाल्या.” हे खरं होतं.

“आणि शून्य घात? आमच्या शेजारची ताई बोलली, तोपण असतो. त्याचं शून्यच ना?”

एक अर्धा क्षण असेल. रांग पुढे सरकत होती. मी तिच्या तोंडाकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच माझ्याकडे काहीतरी असं होतं जे तिच्याकडे नव्हतं. मला ते द्यायचं नव्हतं. बस, एवढंच. तिचं नुकसान करायचं असं माझ्या मनात नव्हतं. पहिल्या दहातली पोरगी, एक मार्क गेला तर तिचं काय जाणार होतं? मला फक्त एकदा, एकाच गणितात, तिच्या पुढे असायचं होतं. मी म्हणाले, “हो, शून्यच.”

पेपर हातात आला. शून्य घात एका प्रश्नात नव्हता, तीन प्रश्नांत होता. एक सरळ. एक गुणाकारात, पाचाचा शून्य घात गुणिले दोनाचा चौथा घात. ज्याने शून्य घाताचं शून्य केलं, त्याचं सगळंच शून्य होणार, सोळाच्या सोळा पाण्यात. आणि तिसरं सोपं रूप द्यायचं, वर दोनाचा तिसरा आणि दुसरा, खाली पाचवा, सगळं उडून दोनाचा शून्य घात उरायचा. आठ मार्कांची गणितं. मी माझी उत्तरं लिहिली. एक, सोळा, एक. ती माझ्या दोन बाकं पुढे बसलेली, वेणीला लाल रिबीन, मान खाली. तिने मागे बघितलं असतं तर कदाचित मी काहीतरी खूण केली असती असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आले. केली नसती.

बाहेर आल्यावर ती खूश होती. माझ्या गळ्यात हात टाकून म्हणाली, “बरं झालं तुला विचारलं. माझ्या डोक्यात एक येत होतं. ते शेवटचं गणित आहे ना, ते मी उघडून लिहिलं, तर वर बत्तीस आणि खाली बत्तीस. एकच झालं ना ते? लिहिलेलंपण मी एक. मग म्हटलं, ही वर्गात होती, मी नव्हते. चार दिवसांत माझंच काहीतरी राहिलं असेल. खोडलं आणि शून्य केलं.”

मी म्हणाले, चल, उशीर होतोय. रस्ताभर तिने हळदीच्या गमती सांगितल्या. वहिनी कशी लाजते, मामा नाचता नाचता कसा मांडवाच्या बांबूला आपटला. तिने दिलेले लाडू मी घरी आईच्या हातात दिले, स्वतः खाल्ले नाहीत.

यादी चार दिवसांनी फळ्यावर लागली. माझा नंबर अडतिसावा. ती वरून खाली वाचत गेली, मग खालून वर, मग बोट लावून परत वरून. चाळीस नावांत तिचं नव्हतं. मी बाजूला उभी होते, मला वाटलं आता जमीन दुभंगली तर बरं. तिचं बोट माझ्या नावावर थांबलं. “तुझं आलं गो,” ती म्हणाली आणि तिने मला मिठी मारली. डोळे भरलेले होते तिचे, पण मिठी खरी होती. असली माणसं असतात, आणि ती आपल्याला सातवीत मिळतात, तेव्हा आपल्याला अक्कल नसते.

पेपर दुसऱ्या दिवशी मिळाले, घरून सही करून आणायला. तिने तिचा बाकावर उघडाच ठेवलेला. मी बघितला. तीन ठिकाणी शून्य, आणि शेवटच्या शून्याच्या मागे निळ्या शाईने खोडलेला एक अजून वाचता येत होता. मी माझा पेपर मार्क दिसतील एवढाच वर केला, घडी घातली आणि दप्तरात कोंबला. ती म्हणाली, “तुझापण शून्याचा चुकला असेल ना? जाऊ दे. तुझं निघालं ना त्यातून.” ती मला समजावत होती. मी म्हणाले, हो, चुकला.

आईने नवस फेडला. बाबांनी शेजारच्या तीन घरांत पेढे वाटले. एक घर उरलेलं, ते गावातलं, तिथे आईने मला पाठवलं नाही आणि मी गेले नाही.

आठवीत आमची सेमीची तुकडी वरच्या मजल्यावर, तिची खाली. सुरुवातीला ती रोज मधल्या सुट्टीत डबा घेऊन जिन्यात यायची. आम्ही पायरीवर बसायचो. मी इंग्रजी शब्दांचं रडगाणं गायचे, ती ऐकायची. अधेमधे ती गप्प व्हायची आणि माझ्याकडे बघत राहायची. मी विचारायचे, काय गं? ती म्हणायची, काय नाय. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली आणि ती जिन्यात आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. खाली बघितलं तर ती तिच्या वर्गातल्या पोरींबरोबर कडुनिंबाखाली बसलेली. मला बघून तिने हात केला, छान हसली, आणि परत त्यांच्यात वळली. आणि मी पापी बाई, मला आधी काय वाटलं असेल तर सुटल्यासारखं वाटलं.

मग दहावी, कॉलेज, मी कल्याणला, ती कुठे ते माहीत नाही. लग्नं झाली. मधली वर्षं मी भरून लिहीत नाही, त्यात सांगण्यासारखं काही नाही. नोकरी बरी आहे. सेमीचा उपयोग झाला का विचाराल तर कुणास ठाऊक.

यंदा माझी भाची सातवीत गेली. एका रविवारी ती वही घेऊन माझ्याकडे आली. “आत्या, कशाचाही शून्य घात एक कसा येतो? माझ्या मैत्रिणीला सांगायचंय, तिला कळलं नाहीये.” मी तिला आठ, चार, दोन, एक करून दाखवलं. तिला कळलं. “थांब, तिला आत्ताच फोन करते,” म्हणून पळाली, आणि बाल्कनीतून मोठमोठ्याने सांगायला लागली. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडले. पन्नाशीला टेकलेल्या बायका रडतात तसं नव्हे, मी अजून चाळिशीतही नाही, सातवीतल्या पोरीसारखी रडले, नाकातून पाणी येईपर्यंत.

शाळेच्या ग्रुपवर तिचा नंबर होता. मी कधी मेसेज केला नव्हता. ती टिटवाळ्याला राहते, स्टेशनजवळ तिचं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. पुढच्या शनिवारी मी गेले, न सांगता.

तिने मला लगेच ओळखलं. “किती बारीक झालीस गो,” म्हणत स्टूल पुढे केलं, समोरून चहा मागवला. दुकान छान चाललंय. दोन मशिनं, भिंतीवर गळ्यांचे नमुने, लग्नसराईची कामं लटकलेली. तिची मुलगी दहावीला आहे, हुशार आहे. मी वर्षानुवर्षं मनात तिचं आयुष्य माझ्यामुळे वाया गेलेलं रंगवलं होतं, आणि इथे तसलं काही नव्हतं. ती माझ्याशिवाय व्यवस्थित होती. चहा संपला. बोलण्यासारखं होतं ते सगळं बोलून झालं. मग मी सांगितलं. रांग, शून्य घात, मला येत होतं, मी मुद्दाम हो म्हटलं. सगळं एका दमात सांगितलं, नाहीतर राहिलं असतं.

ती एका बाहीला टाचण्या लावत होती. हात थांबला नाही.

“मला म्हायती आहे,” ती म्हणाली.

“कधीपासून?”

“पेपर मिळाले त्याच दिवशी. तू पाणी प्यायला गेलेलीस. मी तुझा पेपर दप्तरातून काढून बघितला. म्हटलं, हिचं कुठे कुठे चुकलंय बघते, सुट्टीत शिकवीन, आठवीत मी नसणार तिच्याबरोबर.” तिने शेवटची टाचणी लावली. “तिन्ही ठिकाणी बरोबर होतं तुझं.”

मी विचारलं, “मग बोलली का नाहीस?”

“तू बोलशील म्हणून थांबलेली. जिन्यात रोज यायची ना मी. आज सांगेल, उद्या सांगेल. दिवाळीपर्यंत थांबली. मग कंटाळा आला गो.”

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मी पाय धरले असते, काहीतरी केलं असतं. मी विचारलं, “आणि तेव्हा सांगितलं असतं तर?”

तिने बाही घडी करून बाजूला ठेवली आणि खरंच विचार केला.

“आठ दिवस बोलली नसती तुझ्याशी,” ती म्हणाली. “जास्तीत जास्त.”